काट्याचा नमस्कार

"मग ही ओढ जाते कधी, माई?"

तानूमाई वाती वळत होत्या. हातातली वात पुरी करून त्यांनी दुसरी घेतली.

"कुणाची ओढ?"

"कुणाची म्हणजे… एकूणच. संसाराची."

"एकूणच अशी ओढ नसते रे. तिला नाव असतं."

श्रीनिवास खांबेट्यांनी तबकातल्या वाती सारख्या केल्या. वाघझरीच्या मठात राहायला येऊन त्यांना दुसरं वर्ष लागलं होतं. त्याआधीचं सगळं आयुष्य हवामान खात्यात गेलेलं. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले, बायको वारली, आणि ते घराला कुलूप घालून या डोंगरावर आले. मठात त्यांनी अंगण झाडलं, भांडी घासली, विहिरीचं पाणी ओढलं. भांडी लख्ख झाली. साहेबी तेवढी अजून निघायची होती.

"शर्वरी," ते शेवटी म्हणाले.

"मुलगी."

"हो. पोर्तुगालात असते. तिथून पुढं नुसता समुद्र, इतकी लांब. माई, मी आयुष्यभर हवा वाचली. रोजच्या हवेला आपल्या आसपासचीच कारणं असतात. हजारो कोसांवर कुणी काही केलं तर इथलं पानही हलत नाही. लांब गेलं की जोर कमी होतो. मग हिचाच का होत नाही?"

"असं?" माई म्हणाल्या.

"पौर्णिमेला मला दीक्षा द्या. मग सुटेल."

माईंनी वात तबकात ठेवली.

त्या मठात दीक्षा घेणाऱ्याला आधी स्वतःचं श्राद्ध घालावं लागे. आपल्या हातानं आपल्या नावाचा पिंड ठेवायचा, नदीत बुडी मारायची आणि भगवं नेसून वर यायचं. वर येतो त्याला ना बाप, ना बायको, ना लेक. खांबेटे त्या दिवसाची वाट पाहत होते. दुखरी दाढ उपटणारा वैद्य कधी येतो, अशी माणूस वाट पाहतो तशी.

"काटा तू सांभाळतोस ना?" माईंनी विचारलं.

"हो, मीच."

"सांभाळ. पौर्णिमा लांब आहे अजून."

\*

काटा म्हणजे हवेचा दाब टिपणारं यंत्र. काचेच्या पेटीत सावकाश फिरणारा पितळी ढोल, ढोलाभोवती गुंडाळलेला आखीव कागद आणि त्याला टेकलेला शाईचा काटा. दाब वाढला की काटा वर चढतो, उतरला की खाली येतो. जंगल खात्याच्या कुणा साहेबानं बदली होताना "चार दिवस ठेवा" म्हणून तो मठात ठेवला. साहेब पुन्हा आला नाही. माईंच्या गुरूंनी त्याला चावी द्यायला सुरुवात केली, आणि मठात एकदा सुरू झालेली गोष्ट बंद कोण करणार? दर गुरुवारी कागद बदलायचा. रोज सकाळी आरती झाली की काटा सांभाळणाऱ्यानं पेटी उघडायची आणि बोटाच्या टोकानं काट्याला एकदाच हलकेच शिवायचं. कागदावर बारीकशी उभी रेघ उमटते. मठात त्या रेघेला नमस्कार म्हणत.

खांबेटे पहिल्यांदा हसले होते. त्यांच्या खात्यात त्या रेघेला वेळेची खूण म्हणत. पण आल्या दिवसापासून काटा त्यांच्याकडे आला, आणि दुसऱ्या कुणी पेटीला हात लावलेला त्यांना खपत नसे.

येताना त्यांनी मोबाइल बंद करून ट्रंकेच्या तळाशी, धोतराच्या घडीत ठेवला होता. मुलीनं कुठून तरी पायथ्याच्या भैरूच्या दुकानाचा नंबर मिळवला. दर रविवारी ती तिथं फोन करी. मठात स्वयंपाक करणारी यमुनाक्का दूध आणायला खाली उतरे आणि दुधाबरोबर निरोपही वर घेऊन येई.

"पोरीचा फोन आल्ता, साहेब."

"सांगा, खांबेटे साधनेत आहेत."

एवढंच. पण दर रविवारी दुपारी खांबेटे पश्चिमेच्या कठड्यावर जाऊन बसत. तिथून भैरूच्या दुकानाचा पत्रा दिसतो. विचारलं तर हवा पाहतोय म्हणत.

भांडण काय होतं म्हणाल तर एका वाक्याचं. आई आजारी आहे हे कळून शर्वरी निघाली, वाटेत विमान चुकलं, पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारात बॅग घेऊन उभ्या मुलीला बाप म्हणाला, "आता कशाला आलीस?" ती तेरा दिवस राहिली. दोघांनी एकमेकांना पाणी दिलं, ताट वाढलं, आणि त्या वाक्यावर दोघंही बोलले नाहीत.

\*

रविवारी सकाळी आरती झाली. खांबेटे पेटीपाशी गेले आणि थबकले.

कागदावर आदल्या संध्याकाळच्या जागी एक उभी रेघ होती. बारीक, स्वच्छ, नमस्कारासारखी.

"यमुनाक्का!"

ती पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आली.

"काल संध्याकाळी पेटी कुणी उघडली?"

"म्या न्हाय ओ."

"फडकं मारताना धक्का लागला असेल."

"सांजच्याला कोण फडकं मारतंय? मी चुलीम्होरं हुते." तिचा आवाज चढला. "चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणत्यात ते हेच. अन् मी तर संन्याशीबी न्हाय!"

खांबेटे माईंकडे गेले. माई तुळशीला पाणी घालत होत्या.

"माई, काट्याला कुणी तरी हात लावलाय."

"हात कुणीच लावलेला नाही."

"मग ही रेघ? काल वारा नव्हता. आकाशात ढगाचं बोट नव्हतं. पौषातली हवा इतकी निवांत, की काट्यानं हलावं असं काही नव्हतंच."

"तरी हलला."

"म्हणजे बिघडला."

माईंनी तांब्यातलं उरलेलं पाणी तुळशीच्या बुडाशी ओतलं…

"कुणी तरी नमस्कार केलाय, एवढं खरं," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

खांबेट्यांना ते लागलं. काटा आपल्या हाती असताना त्यानं वेडंवाकडं वागावं, तेही आता पौर्णिमा तोंडावर आली असताना! उद्या माई म्हणतील, साधा काटा सांभाळता येत नाही आणि भगवं काय सांभाळणार? त्यांनी ट्रंकेतून बारका स्क्रू-ड्रायव्हर काढला. काट्याचा सांधा जरा सैल वाटला. त्यांनी तिथला स्क्रू पिळला. काटा डगमगेनासा झाला. आणखी एक पीळ दिला, खात्रीसाठी.

"आता बस गप," ते काट्याला म्हणाले.

काटा गप्प बसला.

दुपारी यमुनाक्का दूध घेऊन वर आली. सकाळचा राग तिनं जपून ठेवला होता, तरी निरोप तो निरोप.

"पोरीचा फोन आल्ता."

"सांगा…"

"सांगटलं. साधनेत हाईत म्हणून सांगटलं. लई येळा सांगून झालं. आज रडत हुती ती."

खांबेट्यांनी पेटीची काच पुसायला घेतली.

"म्हणाली, बाबांनी बोलू नये. नुसता फोन कानाला लावावा. म्हणाली, खोकला जरी ऐकला त्येंचा तरी बास." तिनं दुधाची किटली जमिनीवर ठेवली. "उद्या सांजच्याला परत लावणार हाय. तिकडं जेवणाची सुट्टी असती तवा."

खांबेटे उठून कठड्यावर गेले. सूर्य पत्र्यावरून ढळेपर्यंत तिथं बसून राहिले. हवा पाहत होते.

\*

सोमवारी सकाळी नमस्कार करताना काटा बोटाला घट्ट लागला. खांबेट्यांना बरं वाटलं. पेटी बंद करून ते अंगण झाडायला गेले.

यमुनाक्का खालून आली ती बोलतच.

"आवो साहेब, तुमच्या त्या हवेचंच सांगत हुते टीव्हीवर. तिकडं उगवतीला, समिंदरात, डोंगूर फुटला म्हणं. पाण्यातला डोंगूर! आग, राख, काय इचारू नका. आख्खं बेटच उडालं."

"कधी?"

"शनवारी. अन् त्येचा हवेला असा दणका बसला, असा बसला, की लाट उठली हवेची. साऱ्या दुनियेवरनं गेली म्हणत्यात. आपल्यावरनंबी गेली. कुणाला कळलं न्हाय, पर जिथं जिथं यंत्रं हाईत तिथं समद्यांचं काटं हललं…"

झाडू खाली पडला.

खांबेटे अंगणाच्या मधोमध उभे राहिले. बोट हवेत धरून कसलासा हिशोब करू लागले. उगवतीकडून निघालेली लाट शनिवारी संध्याकाळी इथं आली. ही एक. पण फुटणाऱ्या डोंगराची लाट एकाच बाजूला थोडीच जाते? दगड टाकला की पाणी सगळीकडे पसरतं. तिचं दुसरं अंग उलट्या बाजूनं गेलं असणार. मोठा महासागर ओलांडून, अमेरिकेवरून, मग पुढच्या समुद्रावरून…

"पश्चिमेकडून," ते पुटपुटले. "काल सकाळी. पश्चिमेकडून आली असणार."

"काय झालं ओ?" यमुनाक्का घाबरली.

ते पेटीकडे धावले. साठीचा माणूस, पण पोरासारखा धावला.

शनिवारची खूण होती. रविवारचा नमस्कार होता. त्यानंतर कागदावर एक सरळ रेघ होती. रोज सकाळी हवा थोडी चढते, दुपारी उतरते, रात्री पुन्हा चढते. वादळ असो नसो, तिचा श्वास चालूच असतो, आणि काटा तो रोज काढतो. तोही त्या रेघेत नव्हता. आजचा नमस्कारसुद्धा जेमतेम एक ठिपका होता. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद तपासले, त्याला घरचा काटा अडकलेला दिसला नव्हता.

माई केव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही.

"वाचून दाखव," त्या म्हणाल्या.

"काय वाचू? काही नाही यात. नुसती रेघ आहे."

"सरळ आहे ना?"

"माई…"

"डगमगत नाही?"

खांबेटे खाली बसले. त्यांनी पेटीच्या काचेवर कपाळ टेकलं.

"ती शर्वरीच्या घरावरून आली होती, माई. पश्चिमेकडची लाट. आधी तिच्या घरावरून गेली असणार, मग तेवढा सगळा मुलूख ओलांडून इथं आली असणार. तिच्या खिडकीवरून. तिची खिडकी कशी आहे, तेही मला ठाऊक नाही. कधी विचारलं नाही मी." "तिच्याकडून निघून माझ्या दारापर्यंत आली, आणि मी…"

काचेतून त्यांनी पिळलेल्या स्क्रूकडे बोट दाखवलं.

यमुनाक्कानं पदर डोळ्यांना लावला. तिला लाटेचं फारसं कळलं नव्हतं, पण बाकीचं सगळं कळलं होतं.

माई त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"श्रीनिवास, शनिवारची रेघ तुला एवढी स्वच्छ कशी दिसली?"

"हवा शांत होती म्हणून."

"श्रावणात आली असती तर?"

"नसती दिसली. तेव्हा काटा सारखाच थरथरतो. हजार ओरखड्यांत एक ओरखडा. ओळखू आली नसती."

"मग माणसानं शांत कशाला व्हायचं असतं?"

खांबेट्यांनी वर पाहिलं.

"मी समजत होतो," ते हळूच म्हणाले, "काही लागू नये म्हणून."

माई कागदावरच्या शनिवारच्या रेघेकडे पाहत राहिल्या.

"हिला मी पाहिलं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"शनिवारी संध्याकाळी मी इथंच बसले होते. दिवा लावून. काटा आपोआप हलला."

"मग काल मला सांगितलं का नाही?"

"तू म्हणालास, हात कुणी तरी लावलाय. हात कुणीच लावला नव्हता."

"आणि… तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? कोण, कुठून, काही माहीत नाही. एवढ्या लांबून कुणी तरी आलं. मीही उलट हात जोडले." त्या थांबल्या. "मग उगाच रडू आलं. नावं आठवली."

खांबेटे त्यांच्याकडे पाहत राहिले. माईंना मठात येऊन किती वर्षं झाली, हे मठात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या कुठल्या गावच्या, मागे कोण होतं, हे विचारायची तिथं रीत नाही.

"तुमचीसुद्धा गेली नाही, माई? ओढ?"

माईंनी स्क्रू-ड्रायव्हर उचलून त्यांच्या हातात ठेवला.

\*

स्क्रू सैल होताच काटा उसळला आणि स्वतःच्या जागी जाऊन बसला. कागदावर शाईचा लांब ओरखडा उठला. वेडावाकडा दिसत होता. खांबेट्यांनी तो पुसायचा प्रयत्न केला नाही.

दुपारभर ते पेटीपाशी बसून होते. जेवायला उठले नाहीत. काटा उतरणीला लागला, दुपारी लागतो तसा.

"ती पुन्हा येते, माई," ते मध्येच म्हणाले. डोळे रडून सुजलेले, पण आवाजात जीव आला होता. "अशी लाट पृथ्वीला एका फेरीत सोडत नाही. उगवतीची आज पहाटे येऊन गेली असेल. तीही चुकली. पण पश्चिमेकडची आज दिवेलागणीला परत यायला हवी. फिकी असेल. दमलेली असेल. पण हवा अशीच राहिली तर दिसेल."

"दिसेल ना?"

"मी डोळा काढणार नाही. या खेपेला नाही. तिच्या घरावरून येईल, आणि मी इथं असेन."

त्यांनी पाट ओढून घेतला, मांडी घातली, पाठ ताठ केली. दोन वर्षांत कुठल्या ध्यानाला ते इतके नीट बसले नव्हते.

सूर्य कलला. यमुनाक्का रिकामी किटली घेऊन निघाली. दारातून तिनं एकदा पाटावरच्या माणसाकडे पाहिलं, एकदा काट्याकडे, आणि तिला राहवेना.

"साहेब, एक इचारू?"

"हं."

"पोरगी तिकडं फोन कानाला लावून हुबी ऱ्हाणार. तुमचा खोकला ऐकाया. अन् तुम्ही हितं बसून तिच्या घरावरची हवा बघणार व्हय?"

खांबेट्यांनी पाट पेटीच्या आणखी जवळ ओढला.

"काय सांगू तिला? लाटेची वाट बगत्यात म्हणून सांगू?"

काटा आपली बारीक रेघ ओढत होता.

"मी काय बोलू तिच्याशी?" त्यांनी विचारलं. यमुनाक्काला की माईंना, कळलं नाही. आयुष्यभर अधिकाऱ्यांच्या सभा गाजवलेला माणूस आता शब्द मागत होता. "दारात आलेल्या पोरीला मी… आता काय बोलायचं?"

"तिनं कुठं बोलाया सांगटलंय?" यमुनाक्का म्हणाली.

खांबेटे पाटावरून उठले. अवघडलेले पाय झटकले. काट्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. दिवेलागण व्हायलाच आली होती.

"आणि इकडं ती आली तर? पाहायला कुणी…"

"मी बसते," माई म्हणाल्या, आणि रिकाम्या पाटावर जाऊन बसल्या.

खांबेट्यांनी यमुनाक्काच्या हातातली किटली घेतली.

"दूध मी आणतो."

ते पायऱ्यांपर्यंत गेले. खाली भैरूच्या दुकानात दिवा लागला होता. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबले. वळून परत दारात आले. किटली छातीशी धरलेली.

"माई… आणि पौर्णिमेला? माझं श्राद्ध?"

माईंनी काट्यावरची नजर काढली नाही.

"ज्याचं घालायचं, तो आधी जिवंत तर होऊ दे."